तांबड्या वॉर्निंगची माणसं

कॉम्प्युटर रिपेअरीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, जुने कीबोर्ड आणि किस्से. कीबोर्ड भंगारवाला नेतो. किस्से कुणीच नेत नाही, मग ते तुमच्यासारख्यांच्या डोक्यावर! राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाचे मालक दिलीपदा. लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर बघायचं काम माझं. निम्मे फोन एकाच रडगाण्याचे, "ब्राउझर उघडला की तांबडी वॉर्निंग येतीया, साइट सुरक्षित न्हाय म्हणतीया!" कंटाळा येत नाही का, असं मला विचारतात. छे! मी तर माणसं बघून थक्क होते.

* * *

माझा पहिला महिना. दिलीपदा मिसळ खात होते आणि फोन वाजला. "सगळ्या साइटला वॉर्निंग! व्हायरस घुसलाय!"

दिलीपदांनी घास गिळून विचारलं, "खाली उजव्या कोपऱ्यात वर्ष किती दिसतंय?"

वर्ष निघालं पंधरा वर्षांपूर्वीचं! आतला बटणाएवढा सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे पडते, आणि तारीख चुकली की ब्राउझर कुठल्याच साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, मानत नाही. "सेल बदला," म्हणून दिलीपदांनी पाव मोडला. मी बघतच राहिले.

पलीकडून आवाज आला, "आयला, फोनवरनं नाडी बघितलीसा की!"

* * *

एक रिटायर्ड सुभेदार होते. त्यांना रेल्वेचं तिकीट काढायचं होतं. वॉर्निंगखाली 'सुरक्षित जागी परत जा' असं बटण असतं ना, ते हे इमानदारीत दाबत होते.

"ऑर्डर आली, परत गेलो. पुन्हा ऑर्डर, पुन्हा परत."

"किती दिवस?"

"तीन आठवडे!"

मी तिसऱ्या मिनिटाला कीबोर्ड आपटला असता. "अहो, दुकानात यायचं की!" म्हटलं.

सुभेदार ताठ झाले. "पोस्ट सोडून?"

* * *

बेकरीवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर तीन अँटिव्हायरस! तिघेही एकमेकांवर संशय घेत होते, त्यामुळे धड साइटलाही वॉर्निंग. मी म्हटलं, एक ठेवा.

"तालमीत एकच पैलवान ठिवून चालतंय व्हय?"

"अहो, पण त्यांची आपसातच कुस्ती लागलीय!"

काका खुर्ची ओढून बसले. "मग कोण जिंकतोय ते बघूया की!"

* * *

कोडोलीचे अप्पा म्हणजे जुनं जैन घर, शेती आणि खताचं दुकान. दिवाळीनंतर त्यांच्याकडे काहीच उघडेना. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं, 'तुमचं घड्याळ पुढे आहे.' मी कोपऱ्यात बघितलं, वर्ष २०८२! पाडव्याला वहीपूजनात अप्पांनी कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं होतं, आणि वहीवर घातलं तेच विक्रम संवत त्यातही घातलं होतं.

"अप्पा, घड्याळ सत्तावन्न वर्षं पुढं गेलंय!"

अप्पांनी चष्मा पुसला. "घड्याळ बरोबर हाय. तीच मंडळी मागं हाईत!"

एवढ्या खात्रीनं मी माझं स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही.

* * *

आणि सुमतीकाकू. राजारामपुरीतच राहतात, शाळेतून रिटायर्ड. काका नृसिंहवाडीला पालखीपुढे पदं म्हणायचे. ती त्यांनी घरी बसून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. काका गेले. आवाज तेवढा त्या डब्यात राहिला, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही.

मी प्रिंटर बघायला गेले, तर दार उघडंच. स्क्रीन तांबडी, भोंगा वाजतोय, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.' काकूंनी फोन केलाही होता! स्पीकरवर एक माणूस, "माताजी, बंद मत करना, सब डिलीट हो जाएगा! जो बोलता हूँ वो डाउनलोड करो!"

मी वायरची पिन काढायला धावले. काकूंनी माझा हात धरला.

"काकू, हे खोटं आहे! फसवतोय तो!"

"आणि खरं असलं तर? ह्यांचा आवाज तू आणून देणार?"

तो फसवतोय हे शपथेवर सांगू शकेन इतकी खात्री होती, पण त्या आवाजावर पैज लावायची हिंमत होईना.

काकू फोनकडे वळल्या. "मला हिंदी जमत नाही बाबा, मराठीत सांगते. तुला काय हवं ते घे. ह्यांनी म्हटलेली पदं आहेत त्यात, तेवढी ठेव. माणूस गेलं, आता आवाज तरी राहू दे."

भोंगा चालूच. मला वाटलं, फोन कट झाला.

मग तोच आवाज आला. एकदम खालच्या पट्टीत.

"काकू, फोन ठेवा. मागची पिन काढा. कायबी जात न्हाय बघा."

आणि कट!

काकूंनी स्वतः पिन काढली. पुन्हा चालू केल्यावर मी पहिल्यांदा काकांचं पद लावलं. खणखणीत! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंनी मात्र मोबाइल उचलला आणि तोच नंबर फिरवला.

"काकू! आता कशाला?"

"अगं, आवाज शाबूत आहे म्हणून त्याला कळवायला नको? त्याचाही जीव टांगणीला लागला असेल."