धुळ्याला परत जाऊ नये

आमच्या घरातलं कपाट एका दुपारी अर्ध्या खानदेशाने पाहिलं आणि त्यात माझी स्वतःची एकही साडी नव्हती.

दोष सर्वस्वी माझा. मी जळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसते. माझा दिवस बोनाफाईड, टीसी आणि "मॅडम, फक्त एक शिक्का!" यात जातो. उरलेल्या वेळात मी आई असते, सून असते आणि मोबाइलवर 'जसं आहे तसं' नावाचं एक पान चालवते. नोकरी करणाऱ्या बाईचं घर खरोखर कसं दिसतं ते लोकांना दाखवायचं, अशी मूळ कल्पना. उतू गेलेलं दूध, एका पायात निळा आणि दुसऱ्या पायात पांढरा मोजा घालून शाळेत गेलेली माझी ओवी, मीठ दोनदा पडलेली शेवभाजी, सगळं मी दाखवते. मी एकही व्हिडिओ कापत नाही. खरेपणाला कात्री लावायची नसते, असं मी पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवलंय. (खरं कारण, मला कापता येत नाही.) पाहणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि उरलेले निम्मे नातेवाईकांचे शेजारी.

त्या रविवारी मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसले होते. आठवड्याभराचे कपडे, पलंगावर कमरेएवढे! म्हटलं, हेच दाखवू. मोबाइल खिडकीत उभा केला आणि बोलायला लागले, "मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी कपडे त्याच दिवशी घडी होतात, त्यांना माझा नमस्कार..." बोलता बोलता टॉवेल ठेवायला कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि वीस-पंचवीस साड्या धबाधब माझ्या पायांवर कोसळल्या.

त्या साड्या आमच्या नव्हत्या आणि कोणाच्याच नव्हत्या. बारसं, वास्तुशांत, साखरपुडा, डोहाळजेवण यांत ज्या आहेरात येतात आणि पुढच्या बारशाला आहेरात जातात, त्या साड्या. त्या कोणी नेसत नाही. नेसली तर पुढे देता कशी येईल? या कारभारात धोका एकच असतो, साडी फिरत फिरत देणाऱ्याच्याच घरी पोचण्याचा. म्हणून माझ्या सासूबाई, अक्का, प्रत्येक साडीला चिठ्ठी टाचतात. कॅलेंडरचं जुनं पान कापून मागच्या कोऱ्या बाजूला कोणाकडून आली, कशात आली आणि शेरा. साडी आल्या आल्या ओलं बोट काठावर घासून रंग टिकतो की नाही ते बघतात आणि मगच शेरा लिहितात. आमच्या ऑफिसात आवक-जावक इतकी चोख नाही!

मला वाटलं, वा, काय विषय मिळाला! मी साड्या एकेक उचलून मोबाइलपुढे धरायला लागले. "बघा, ही आमच्या अक्कांची पद्धत! आणि खोटं बोलू नका हं, तुमच्याकडेही असाच कप्पा आहे!"

माझी ओवी दुसरीत आहे. तिला नुकतीच जोडाक्षरं यायला लागली होती आणि ती दिसेल ते मोठ्याने वाचायची. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, एसटीच्या आतल्या सूचना. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि शाळेत प्रार्थना म्हणतात त्या सुरात वाचू लागली.

"पिंपळनेर मामी. साखरपुडा. जरीकाठ चांगला. ठेवून देणे!"

"शाब्बास," मी म्हणाले. (हेही व्हिडिओत आहे.)

"धुळे जिजी. ओवीचं बारसं. रंग जाणारा. धुळ्याला परत जाऊ नये!"

मी शाब्बासच म्हणाले. माझं अर्धं लक्ष मोबाइलच्या चार्जिंगकडे होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तो व्हिडिओ मी न बघता पानावर टाकला.

आता जिजी कोण, ते सांगते. जिजी म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, मोठी बहीण. राहणार धुळे. आणि तिच्या धाकट्या मुलाचं, भूषणचं, लग्न बरोबर पंधरा दिवसांवर आलं होतं. आबा नवऱ्यामुलाचे मामा, म्हणजे मंगलाष्टकांना भूषणच्या पाठीशी उभे राहायचे. त्याहून मोठी गोष्ट अक्कांची. भूषण जळगावला पॉलिटेक्निकला होता तेव्हा दोन वर्षं आमच्याकडे राहिला होता. त्याच्या डब्याला अक्का पहाटे उठायच्या. त्याच्या लग्नासाठी त्यांनी स्वतःला खरीखुरी, दुकानातून आणलेली, चिठ्ठी नसलेली साडी घेतली होती.

तीन वाजता पिंपळनेरच्या मामींचा फोन आला. आनंदाने आवाज फुटला होता, तोही अहिराणीत. "स्वाती, मन्ही साडीवर काय चांगलं लिखेल शे वं! मी बठ्ठासले धाडी दिन्हा तो व्हिडिओ!"

"बठ्ठासले म्हणजे कोणाकोणाला, मामी?"

"आपला ग्रुपवर! जिजीनीबी देखा."

मी समोरच्या मुलाच्या बोनाफाईडवर दोन शिक्के मारले, दोन्ही उलटे. व्हिडिओखाली जिजीची प्रतिक्रिया आली होती. शब्द एकही नाही, नुसता अंगठा! जिजीला ओळखणाऱ्यांना त्या अंगठ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी लगेच व्हिडिओ काढून टाकला, पण मामींनी तो इतका मनापासून वाटला होता की काढून काही उपयोग नव्हता.

घरी पोचले तर आबा फोन हातात घेऊन उभे आणि पलीकडून जिजीचा आवाज थेट ओट्यापर्यंत. "मन्ही साडीनी चिठ्ठी बठ्ठा जिल्हानी वाची! तुम्ही लगीनले येऊ नका. आहेरबी नको आणि मामाबी नको!"

अक्कांनी नवीन साडी कपाटातून काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत ठेवली. मग एवढंच म्हणाल्या, "दोन वरीस त्यानं मन्हा हातनी भाकर खादी. आते त्यानं लगीन मी मोबाइलमा देखू का?"

खरेपणाचं मला फार कौतुक होतं, पण तो खरेपणा माझा नव्हताच, अक्कांचा होता, आणि मी तो त्यांना न विचारता वाटून टाकला होता.

नवरा म्हणाला, "माफी माग. पण फोनवर. व्हिडिओ करू नकोस."

मी व्हिडिओ केला. (इथे वाचकांनी मला हव्या त्या शिव्या द्याव्यात.) म्हटलं, चूक चारचौघांत झाली, माफीही चारचौघांतच हवी. खिडकीजवळ बसून हात जोडले, डोळे पाणावले, "जिजी, तुम्ही दिलेल्या प्रत्येक गोष्टीचा आम्हाला मान आहे. नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली साडी आम्ही जिवापाड जपतो" वगैरे. पाचव्या मिनिटाला खाली पिंपळनेरच्या मामी. "स्वाती, तुना मांगे खिडकीले पडदा शे, ती मन्ही साडी शे का?"

होती. 'जरीकाठ चांगला, ठेवून देणे' हे अक्कांनी लिहिलं होतं. पडदा मी शिवला होता.

आता पिंपळनेरही गेलं! रात्रीपर्यंत ग्रुपवर प्रत्येक बाई आपापली साडी कुठे आहे ते विचारायला लागली. चोपड्याच्या काकूंच्या साडीचा माग शिरपूरला लागला. शिरपूरच्या वहिनींचं म्हणणं, ती त्यांनी केव्हाच पहूरला दिली. नवऱ्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि डाळीच्या डब्यात ठेवला.

शनिवारी मी रजा टाकली आणि अक्का, मी, ओवी धुळ्याला निघालो. पिशवीत ती गुलाबी साडी. जिजीचा हुकूम होता, "ती साडी लई या. दुकानवालाना तोंडवर फेकसू." एसटीत पारोळ्यापर्यंत अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. मेचा पहिला आठवडा, बाहेरून वारा नव्हे, भट्टीची वाफ आत येत होती. ओवी मात्र खुशीत होती. तिने रस्त्यावरचे सगळे ढाबे वाचून काढले.

जिजी दारातच उभी. माझ्याकडे बघितलं नाही. अक्कांना म्हणाली, "घरमा ये वहिनी, ऊनमा नको उभी राहू." म्हणजे निदान उन्हात तरी मारायचं नव्हतं.

मी जिजीच्या पाया पडले. "चुकलं जिजी. मला अक्कल नाही."

"ते बठ्ठासनी देखं," जिजी म्हणाली. "साडी काढ."

साडी सतरंजीवर आली. जिजीने अक्कांची चिठ्ठी टाचणीसकट उपटली, बोट जिभेला लावून काठावर घासलं आणि बोट वर धरलं. गुलाबी! पण मागे हटेल ती जिजी कसली!

"रंग जास तर जाऊ दे! मी प्रेमथीन दिन्ही व्हती! मी काय कोनी फिरवेल साडी देसू का मन्हा भाऊना घरमा?" आणि प्रेम दाखवण्यासाठी तिने साडीची घडी फाडकन उलगडली. कोणी कधीच उलगडली नव्हती ती. पाच वार, दहा घड्या, आणि अगदी आतल्या घडीतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी सतरंजीवर पडली.

जिजीने हात पुढे केला. पण ओवी जवळ होती.

"जळगाव वहिनी," ओवीने प्रार्थनेचा सूर लावला. "वास्तुशांत. रंग जाईल. जळगावला जाऊ नये!"

अक्षर जिजीचं होतं. कागदही कॅलेंडरचाच!

जिजी चिठ्ठीकडे बघत होती, अक्का जिजीकडे, आणि मी दाराकडे. मग अक्का हळूच म्हणाल्या, "जिजी, ही साडी मीच तुले दिन्ही व्हती? तुन्हा घरनी वास्तुशांतले?"

"तूच दिन्ही व्हती!" जिजी म्हणाली. "आणि मी भुली गयी, आणि पोरीना बारसाले तुलेच परत दिन्ही!"

"मालेबी कोनी तरी दिन्ही व्हई," अक्का म्हणाल्या.

आधी जिजीचं पोट हलायला लागलं. मग अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसल्या की आतून भूषण धावत आला, त्याला वाटलं कोणीतरी रडतंय. त्याने अक्कांना बघितलं आणि म्हणाला, "मामी, तू येवाव नही म्हने लगीनले? मंग मी कसाले उभा राहू?" तेव्हा खरंच थोडं रडणं झालं. मीही रडून घेतलं.

डोळे पुसून जिजीने जाहीर केलं, "मामा येई, मामी येई, बठ्ठा या. पण एक अट शे." तिने ती गुलाबी साडी माझ्या मांडीवर टाकली. "आते ही साडी फिरावनी नही. लगीनले स्वाती हाईच नेसनार!"

लग्न दुपारी बारा पस्तीसला, धुळ्यात, मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपात. आबा भूषणच्या पाठीशी उभे राहिले. अक्का नव्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि अक्षता संपल्यावर त्यांनी भूषणची दृष्ट काढली. मी हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि घामाने न्हाऊन निघाले. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझी मान गुलाबी झाली. पंगत बसेपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पोळी वाढताना बोटंही. मुलीकडच्या एका बाईने काळजीने विचारलं, "यांना काही उठलंय का अंगावर?"

"नही वं," जिजी म्हणाली, "आमनी सून फक्त खरं बोलस. तेन्हाथीन लाजी राहिनी."

लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी गुलाबी आहे. आठ दिवस ऑफिसातही होते. त्यातलाच एक फोटो मी 'जसं आहे तसं'वर लावलाय आणि खाली अक्कांची चिठ्ठी जोडलीय, अर्थात त्यांना विचारून. 'रंग जाणारा.' माझ्या पानावरची ती एकमेव माहिती, जी कोणीतरी आधी बोट लावून तपासली होती.