दहा शुक्रवारांची हद्दपारी

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सचा एक नागरिक चुकून आपल्या काळात जन्माला आला आणि शारजात, अल मजाजला, आमच्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहायला आला, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कागदोपत्री ते नाशिकचे होते. दुबईतल्या रास अल खोरच्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होते, म्हणजे भिंत उभी राहण्याआधी तिला किती सिमेंट लागेल ते सांगायचं काम. पण लिफ्टमध्ये भेटले की ते सिमेंटबद्दल बोलायचे ते रोमच्या. "दोन हजार वर्षं घुमट उभा आहे हो त्यांचा! आणि आपलं बेसमेंट पार्किंग? दुसऱ्या वर्षी गळतंय." ऑफिसबद्दल विचारलं तर म्हणायचे, "रोमन लोक एका वेळी दोन प्रमुख नेमायचे, तेही फक्त एका वर्षासाठी. एकानं दुसऱ्याला अडवायचं, म्हणजे कोणी राजा होत नाही. आमच्याकडे नऊ मॅनेजर आहेत आणि सगळे मिळून मलाच अडवतात." एकदा मराठी मंडळींच्या फॅन्सी ड्रेसला ते रोमन सिनेटर होऊन आले. टाळ्या पडत असताना काकू मागच्या रांगेतून ओरडल्या, "अहो, ती माझी नवी चादर आहे!" सिनेटरांनी जागेवरच राजीनामा दिला आणि चादरीची घडी घातली.

आमच्या इमारतीत नऊ मराठी कुटुंबं होती. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी घरी सगळ्यांचं जेवण. या साध्या जेवणावळीचं काकांनी बघता बघता अथेन्स करून टाकलं. अध्यक्ष निवडून द्यायचा नाही, चिठ्ठी टाकायची. "निवडणुकीत गोड बोलणारा येतो, चिठ्ठीत कोणीही येतो. लोकशाही म्हणजे कोणीही!" ज्याची चिठ्ठी निघेल तो वर्षभराचा आर्कन. भाषणाला वेळेचं बंधन हवं म्हणून त्यांनी पाण्याच्या बाटलीला तळाशी भोक पाडलं. पाणी संपलं की बोलणं संपलं. आमच्यातल्या एका गायकाला गाण्याआधी रागाची माहिती द्यायची फार हौस होती. तो भोकावर अंगठा दाबून बोलत राहिला, तेव्हा काकांनी शांतपणे त्याचा अंगठा उचलला आणि म्हणाले, "हे अथेन्समध्येही झालं असेल, पण त्यांनी ते लिहून ठेवलं नाही."

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम खापरांचा. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव लिहायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. गुन्हा नाही, शिक्षा नाही, घरदार आणि अब्रू शाबूत. फक्त जरा लांब जायचं. काकांनी दहा वर्षांचे दहा शुक्रवार केले. नर्सरीतून फुटक्या कुंड्या आणायचे, तुकडे धुवायचे आणि मुलांचा हात कापू नये म्हणून प्रत्येकाच्या कडा पॉलिश पेपरनं घासायचे. सात वर्षांवरच्या सगळ्यांना मत. "अथेन्सवाल्यांनी बायकांना मत दिलं नाही. चुकलं त्यांचं. आपण सुधारू." नाव मात्र देवनागरीतच हवं. हद्दपार माणसाला दहा शुक्रवार सभेत यायची बंदी, पण त्याच्या वाट्याचा डबा आर्कननं त्याच्या दारात पोचवायचा. पहिल्या वर्षी आमचा गायक गेला. दहा शुक्रवार डबे खाऊन तो चार किलोनं वाढून परत आला.

खापरं वाटताना काका दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे. अथेन्समध्ये एक फार सज्जन पुढारी होता. मतदानाच्या दिवशी एक अडाणी खेडूत त्याला न ओळखता त्याच्याकडेच खापर घेऊन आला. म्हणाला, त्या अमक्याचं नाव लिहून द्या. नाव त्या पुढाऱ्याचंच. त्यानं विचारलं, "तुमचं काय वाईट केलंय त्यानं?" खेडूत म्हणाला, "काही नाही, सारखं त्याचंच कौतुक ऐकून कंटाळा आलाय." पुढाऱ्यानं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं. इथे काकांचा आवाज दरवेळी बसायचा आणि आम्ही दरवेळी हसायचो.

मग २००८ची मंदी आली. शहरभरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. शाळेच्या बसमधली मुलं अधूनमधून कमी व्हायला लागली. दर शुक्रवारी आम्ही चार तास सगळं विसरायला जमायचो आणि काका पुरणपोळीवर तूप घेत रोम कसं पडलं ते सांगायचे. नाण्यातली चांदी कशी कमी होत गेली, सैन्याचा पगार कसा थकला. "एका दिवसात नाही पडलं हो. शेवटपर्यंत सगळे म्हणत होते, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी ठीक होईल." एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या कंपनीत पगार वेळेवर होतात ना?" त्या महिन्यात झाला नव्हता. मी घरी सांगितलं नव्हतं. मी "चालायचंच" म्हणालो आणि शेजारी बसलेल्या बायकोला ते कळलं. परतताना जिन्यात ती एवढंच म्हणाली, "त्यांना कळतं ते मला का कळत नाही?" राग माझा मला यायला हवा होता. मी तो काकांवर काढला.

त्या वर्षी चिठ्ठीत आर्कन मी होतो. खापरांच्या दिवशी निघताना मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं, "सातव्या मजल्यावरच्या काकांचं नाव लिही." तिनं विचारलं, "व्हाय?" मी म्हटलं, "गंमत."

मोजणी मीच केली. गायकाला आठ, काकांना नऊ. त्या नवांत एक माझं होतं. आणि एका खापरावर पट्टी लावून शिरोरेषा ओढलेली, ठसठशीत, एस्टिमेटरच्या अक्षरात काकांचं आडनाव होतं. मी मोठ्यानं हसलो. "काका, स्वतःलाच मत?" ते उठले, हात जोडले. "लोकांचा निर्णय. खलास." ताटातली कोशिंबीर अर्धी होती, तीही त्यांनी टाकली नाही. उभ्यानं संपवली, दरवर्षीसारखी खापरं गोळा करून घेतली आणि गेले.

पहिले दोन शुक्रवार मोकळं वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी जेवणं उरकून सगळे लवकरच घरी गेले. बाटली रिकामी पडून. डबा मात्र मी नेमानं नेत होतो. पण त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून दाराच्या कडीला पिशवी अडकवून बेल न वाजवता परतायचो. आठवड्यात कधीतरी धुतलेला डबा माझ्या कडीला लटकलेला असायचा. चौथा डबा आलाच नाही. पाचव्या शुक्रवारी मी पहिल्यांदा बेल वाजवली. आतून आवाज नाही. इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, वर आला. "साब तो चला गया. परसों. मॅडम तो पहले ही गयी थी." त्यानं मला डबा दिला. धुतलेला. आत कापसात गुंडाळून सगळी खापरं ठेवली होती.

काकांना मतदानाच्या आदल्याच आठवड्यात कंपनीनं पत्र दिलं होतं. व्हिसा रद्द, दीड महिन्यात देश सोडायचा. मतदानानंतर त्यांच्याकडे चार शुक्रवार होते आणि त्यांना हद्दपारी दहाची.

घरी खापरं बघून मुलगी म्हणाली, "दॅट वन इज माइन." पट्टीनं शिरोरेषा ओढलेलं. "तुला कुठे एवढं नीट येतं?" "अंकलनी लिहून दिलं. मला देवनागरीत स्पेलिंग येत नव्हतं. ही आस्क्ड, मी तुझं काय वाईट केलं? आय सेड, नथिंग, पण बाबांनी सांगितलं." "मग?" "ही लाफ्ड. म्हणाले, थांब, पट्टी आणतो."

मी फोन लावत राहिलो. उचलायचे नाहीत. अकराव्या शुक्रवारी जेवणं चालू असताना त्यांचाच आला. "आर्कन, दहा झाले. सभेत जागा आहे का?" मी स्पीकर लावला. नऊच्या आता सहा कुटुंबं उरली होती, पण आरडाओरडा नव्वदांचा झाला. "आधीच सांगितलं का नाही, काका?" गायकानं विचारलं. "सांगितलं असतं तर तुम्ही दयेचं मत दिलं असतं. दया म्हणजे लाच. चला, पाणी सोडा." बाटली संपेपर्यंत ते नाशिकच्या गटारांची रोमच्या गटारांशी तुलना करत होते.

नंतर मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो. "काका, ते खापर..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "कुणी कुणाचं नाव लिहिलं हे विचारायचं नसतं. आणि आपण होऊन सांगायचंही नसतं. एवढा एक नियम पाळा." मी पाळला. पुढे कित्येक वर्षं शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. मग आमच्या ऑफिसांची सुट्टीच शनिवार-रविवारवर गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काकाही गेले.

आता तो नियम मोडायला मी मोकळा आहे, म्हणून हे लिहिलं. मुलीचं देवनागरी अजून कच्चंच आहे. ते खापर माझ्या टेबलावर असतं. कडा इतक्या घासलेल्या आहेत की कितीही घट्ट धरलं तरी हाताला लागत नाहीत. अक्षर त्यांचं आहे. मत माझं होतं.