मधल्या जाळीतली हवा

पेठच्या नाक्यावर गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या यमाजीचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. गिऱ्हाईक जास्त शहाणपणा करू लागलं की हा पाना आपटायचा, कधीकधी त्याच्याच गाडीवर. पप्पू त्याच्या हाताखाली नऊ वर्षं होता. एकदा बोलाचाली झाली, यमाजीनं पाना फेकून मारला आणि पप्पूच्या भुवईला चार टाके पडले. पप्पूनं रस्त्यापलीकडं स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना बघून थुंकायचे. असा हा तिरसट माणूस, पण एसीच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

मे महिन्यातल्या दुपारी सयाजी आपली चौदा वर्षांची जुनी गाडी घेऊन आला. वाळूचा धंदा आणि अंगात मस्ती. मागच्या सीटवर बायको रत्ना, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून. सयाजीनं पुढच्या सीटवर बसवून आणलेल्या पप्पूला कॉलर धरून खाली ओढलं. पप्पूचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"ह्यानं गॅस भरला, त्याच आठवड्यात मधली हवा बंद झाली," सयाजी म्हणाला. "परवा एक हात मोडला ह्याचा. आता तू सांग यमाजी, ह्यानंच वाट लावली का न्हाई. लावली आसंल तर दुसरा बी मोडतो."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. यमाजीला क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगा. पण गाडीच्या दुखण्याबद्दल खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

त्यानं पंखा चारवर केला आणि खिशातून लोकरीची बट काढली. भावाकडं अजून मेंढरं आहेत, तिथली. कागद जोराच्या हवेलाच हलतो, लोकर नुसत्या श्वासालाही हलते. पायाशी बट उडाली. पुढच्या काचेच्या बुडाशी हवेची फट असते, तिथंही उडाली. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीसमोर मात्र ढिम्म. म्हणजे पंखा ठीक होता, फिल्टरही तुंबलेला नव्हता. हवा तयार होत होती, तिची वाट अडली होती. यमाजीनं डॅशबोर्ड सोडवला आणि आतली झडप हलवून बघितली. बिजागरीत काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं एकेक तुकडा काढून बॉनेटवर ठेवला. काच होती, हिरव्या बांगड्यांची. तेरा तुकडे.

"काचंच्या बुडाच्या फटीतून खाली पडल्यात. पप्पूचा काय बी संबंध न्हाई," यमाजी म्हणाला.

आता हा बाबा शरमेनं मान खाली घालील, असं त्याला वाटलं. कसलं काय! सयाजीनं व्हीलपाना उचलला आणि मागचं दार उघडलं. "तुझ्या बांगड्यांनी माझी गाडी बिघडवली व्हय गं?"

यमाजी दारात आडवा आला. पाना त्याच्या उजव्या पंजावर बसला आणि हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. दुसरा घाव डोक्यावरच यायचा, पण पप्पूनं प्लास्टरचा हात सयाजीच्या तोंडावर हाणला. दोन दात भुईवर पडले. मग चहावाले, पंक्चरवाले धावले आणि त्याला लाथांनी तुडवून तिथंच खांबाला बांधलं.

रत्ना खाली उतरली. तिनं बॉनेटवरच्या तुकड्यांकडं बोट केलं.

"मेस्त्री, हे कुठं घावलं ते लिवून द्या. ठाण्यात इच्यारतील. त्या आठवड्यात ह्यांनी माझं टाळकं पुढच्या काचंवर आपटलं. हात मधी घातला म्हनून वाचले."

यमाजीची बोटं मिटत नव्हती. त्यानं पप्पूकडं बघितलं. पप्पूनं वही ओढली आणि यमाजी सांगेल तसं लिहीत गेला. झडप, बिजागरी, तुकडे तेरा.

"आनि रगत," रत्ना म्हणाली.

यमाजीनं डाव्या हातानं एक तुकडा उन्हात धरला. त्याच्या कडेचा काळपट डाग मघाशी त्याला ग्रीस वाटला होता.

"लिही," तो पप्पूला म्हणाला.