किलोभर मटणाला वाटण किती?

सावली गावचे रामाजी मेश्राम म्हणजे धानाच्या बांधीत, भातखाचरात, जन्म काढलेला माणूस. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, कधी करायची, बांधीत पाणी किती ठेवायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. पण चूल? छे! एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. गरजच काय होती? सत्यशीलाबाईंच्या हातचं मटण खायला लोक निमित्त काढून यायचे, आणि बाईंच्या तोंडापुढे स्वयंपाकघरात उभं राहायची कुणाची टाप नव्हती.

मग यंदा उन्हाळ्यात बाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मुलगी नंदिनी सिरोंच्याला नर्स. ती पंधरा दिवस उशाशी बसून ड्युटीवर परतली. जाताना डॉक्टरांचं म्हणणं बापाला बजावून गेली : आईला बोलतं ठेवा, वाकडंतिकडं का होईना, बोलली तरच वाचा परत येईल. बाई बोलल्याही दोन दिवस. तेवढ्यात भेटायला आलेली एक शहाणी त्यांचे शब्द ऐकून पदराआड हसली. झालं! बाईंनी तोंडाला जे कुलूप घातलं, ते चार महिने निघालं नाही. नंदिनी रोज फोनवर म्हणायची, "बाबा, आईले दे ना." बाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

रामाजी तोवर भात-वरण शिकले, बाईंची वेणी घालायलाही शिकले. पण आतून त्यांना एकच धास्ती होती, की ही आता कायमची मुकी झाली. जिच्या बडबडीला आयुष्यभर वैतागले, तिच्या एका शब्दासाठी म्हातारा तरसून गेला होता.

त्या रविवारी नंदिनी दोन दिवसांची सुटी काढून यायची होती. रामाजींनी किलोभर मटण आणलं. शेजारची धुरपता म्हणाली, "भाऊ, मी करून देतो ना." ऐकतील तर शपथ!

"नाई बाई. पोरगी येऊन राह्यली, तिले या घरचंच पायजे."

लसूण, अद्रक, सांभार म्हणजे कोथिंबीर, तिखट, हळद, दही असं सगळं त्यांनी मिक्सरमध्ये फिरवलं. वाटण झालं इतकं, की वरातीला पुरावं. आता त्यातलं मटणाला किती लावायचं? रामाजींनी आपल्या अकलेनं ठरवलं. बांधीत पाणी उभं राहिलं तरच धान धरतं, मग मटणाचं वेगळं काय असणार? त्यांनी मटण गंजात, मोठ्या पातेल्यात, घातलं आणि वरून वाटण ओतायला घेतलं. तुकडे अर्धे बुडाले. म्हातारा खूश! आणखी ओतलं.

खाटेवरून बघणाऱ्या बाईंचा डावा हात वर आला. रामाजींना वाटलं, शाबासकी देते आहे.

"आता पाहा कसं मुरते," म्हणत त्यांनी वाटणाचं भांडं उपडं करायला उचललं.

"ब... बस्स!"

रामाजींचा हात तिथंच थांबला.

"बस्स! बां... बांधी हाय का थे?"

आवाज घोगरा, शब्द तिरपे, पण राग मात्र जुनाच, अस्सल. रामाजींचे डोळे भरून आले. पण माणूस मोठा लबाड. डोळे पुसून त्यांनी भांडं पुन्हा वाकवलं. "आनखी थोडंसं टाकू म्हनतो."

"टाकून... त पाहा!"

मग काय, बाईंनी त्यांना शिकवायलाच घेतलं. "काहाडा. अंगाले लागलं... पायजे. बुडालं नाई." मटण आपलं पाणी आपणच सोडतं, वाटण बुडाशी साचलं की सगळा लगदा होतो, एवढं सांगायला बाईंना घाम फुटला. रामाजींनी एकेक तुकडा उचलला, निथळला, चोळला आणि बाईंपुढे धरला. "हा झाला?"

"ना... नाई. अजून पुसा."

"आन हा?"

"हो."

कळलं होतं हो रामाजींना दुसऱ्याच तुकड्याला! पण त्यांनी किलोच्या किलो मटण असंच विचारून संपवलं.

संध्याकाळी नंदिनी दारात आली, तर आतून आईचा आवाज. मीठ किती घालायचं यावरून वाद चालला होता. तिच्या हातातली बॅग गळून पडली. "आई?"

बाईंनी वळून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पोरीसमोर असं तोतरं बोलायचं? संपलं, रामाजींना वाटलं, हे बोलणं आपल्यापुरतंच होतं.

नंदिनी आईपाशी जाऊन बसली. बापानं घातलेली आईची वेणी तिनं सोडून पुन्हा घालायला घेतली.

"पाह्य ना," बाई म्हणाल्या, "तुह्या बापाले... काईच येत नाई."

आणि मग त्यांनी सकाळपासूनची सगळी कहाणी सांगितली. दहादा अडल्या, तेवढ्याच वेळा चिडल्या. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी घाई केली नाही. रामाजी भिंतीला टेकून बसले आणि आपली सगळी बदनामी त्यांनी पोटभर ऐकून घेतली.