विनाअपघात सेवेचे मानकरी

व्हिडिओ गेममधल्या लाल सिग्नलला थांबणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या हॉलमध्ये, माझ्या मालिकेच्या वेळेला, टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेला असतो. हे माझे सासरे. खोपटच्या डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. आमच्या ईरासाठी नवऱ्याने मोठ्या हौसेने गेमचा डबा आणला, त्यात बस चालवायचा एक गेम निघाला, आणि सासरे त्याच संध्याकाळी पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. ज्या मुलीसाठी डबा आणला तिच्या वाट्याला तो आता आजोबा जेवायला बसले की येतो.

बरं, खेळायचं तर चारचौघांसारखं खेळावं. त्या गेममध्ये लोक फुटपाथवरून बस नेतात, पुलावरून उडवतात, मजा करतात. आमची बस वळणावर हॉर्न देते, समोरच्याला आधी जाऊ देते आणि थांब्यावर शेवटची म्हातारी नीट बसेपर्यंत हलत नाही. रस्ता कुठल्यातरी परदेशातला, पण चढ लागला की हे "घाट आला" म्हणून सावरून बसतात. ईरा एकदा कंटाळून म्हणाली, "आजोबा, ती माणसं खरी नाहीयेत." त्यावर मान न वळवता उत्तर आलं, "तिकीट काढलंय त्यांनी."

इथवर मी सोसलं असतं. पण कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय एसटी सुटत नाही, आणि गेम बनवणाऱ्या शहाण्यांनी त्यात कंडक्टरच ठेवलेला नाही. ती जागा माझ्याकडे आली. मी एम.कॉम. झालेली बाई, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचे हिशेब घरून सांभाळते, आणि हॉलमधून "सूनबाई, डबल" अशी हाक आली की पिठाच्या हाताने देवघरातली घंटा दोनदा वाजवते. एकदा ऑफिसची मीटिंग चालू असताना वाजवावी लागली, तर साहेबांनी आदराने विचारलं, "तुमच्याकडे आरती चाललीय का?" मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार? एकदा डोकं फिरलं म्हणून मी मुद्दाम एकदाच वाजवली. सासऱ्यांनी भर घाटात बस उभीच ठेवली, रिमोट मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "एक बेल म्हणजे थांब. मी माझ्या मनाने गाडी काढत नसतो."

या सगळ्याच्या मुळाशी शोकेसमधला एक बिल्ला आहे. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला. सबंध नोकरीत यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे मला लग्नाच्या बोलणीतच सांगण्यात आलं होतं. मुलगा काय शिकलाय ते नंतर कळलं. मला बिल्ल्याचं कौतुक आहे. पण त्या बिल्ल्याच्या जोरावर हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांनाही जुमानत नव्हता, आणि माझा खरा राग तिथे होता. काचबिंदूने त्यांची बाजूची नजर बरीच गेलेली. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने जपा आणि गाडी चालवणं बंद करा. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण रोडवरचं त्याला काय कळतं?" आणि त्याच संध्याकाळी स्कूटरवर ईराला मागे बसवून टेंभी नाक्याला कथकच्या क्लासला सोडून आले.

मी भांडले, रडले, अबोला धरला. किल्ली लपवली तर डुप्लिकेट निघाली. ईराला दम दिला की रिक्षानेच जायचं, तर मी मीटिंगमधून उठेपर्यंत दोघं पसार. नवऱ्याला सांगावं तर त्याला नेमकं तेव्हाच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं असतं. दार वाजून ती घरात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि हे आल्या आल्या विचारायचे, "चहा टाकलास का गं?"

मग एका रविवारी दुपारी बस नेहमीसारखी चाललेली. ईरा शेजारी बसलेली, मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला आला. आम्हा दोघींना तो चांगला लांबून दिसला. बस सरळ त्याच्यावर गेली. ईरा सहज म्हणाली, "जाऊ दे आजोबा, पहिल्यापासून सुरू करा."

"कुठून आला तो?"

"डावीकडून. केव्हाचा येत होता की."

सासऱ्यांनी रिमोट खाली ठेवला. हाताने एक डोळा झाकून टीव्हीकडे पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. मग उठून त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, शर्टाच्या खिशातली डुप्लिकेट काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "उद्यापासून ईराला तू सोड."

या क्षणासाठी मी मनात किती भाषणं तयार ठेवली होती. तोंडातून भलतंच निघालं. "बाबा, गेम आहे हो तो."

"गाडी ती गाडीच," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले.

तेव्हापासून टीव्ही मोकळा आहे. मी मालिका बघते, आणि ती इतकी भिकार आहे हे मला ठाऊक नव्हतं. ईराने खूप आग्रह केला, पण ते पुन्हा त्या डब्याकडे फिरकले नाहीत. परवा त्यांना डोंबिवलीला त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. एरवी माझ्या शेजारी रिक्षात बसले तरी रिक्षावाल्याला शिकवणारा हा माणूस. मी सिग्नलला पट्ट्याच्या पुढे जाऊन थांबले. वळताना हॉर्न दिला नाही. एका खड्ड्यात गाडी अगदी ठरवून घातली. मागून कोणी काही बोलेना. बहिणीच्या दारात उतरून त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "छान चालवतेस."

इतक्या वर्षांत या माणसाचा मला एवढा राग कधी आला नव्हता.