लातूरची ओळ

मोबाइलवरून आटो बोलवायचं अ‍ॅप चालवणाऱ्या एका कंपनीत मी नांदेडला कामाला होतो. एका दुपारी दोन भावांनी आमच्याच एका आटोवाल्याला कॉलर धरून फरफटत ऑफिसात आणलं. त्याचं नाक फुटलं होतं. त्यांची बहीण सकाळी कॉलेजला म्हणून निघाली, ती याच्या आटोत बसल्याचं शेजारणीनं पाहिलं, आणि तेव्हापासून ती घरच्यांचा फोन उचलत नव्हती. ठेसनावर सोडलं, एवढंच आटोवाला म्हणून राहिला होता.

थोरला मला म्हणाला, "काँप्युटरात बघ. कुठं उतरली, दाव."

अ‍ॅपमध्ये कुणी काहीही मागितलं की सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ पडते. कोणी मागितलं, कधी, कुठून. मी तिचा नंबर टाकून शोधलं. स्टेशनवर फेरी संपल्याची ओळ सापडली. आटोवाला खरं बोलत होता. पण त्या ओळीनंतर आणखी एक ओळ होती, नुकतीच पडलेली. लातूरच्या स्टेशनावरून तिनं आटो मागितला होता.

मागं धाकट्यानं आटोवाल्याचं डोकं भिंतीवर आपटलं. "घावू दे फक्त," तो म्हणाला. "तिला अन् ती ज्याच्यासंगं पळाली त्या पोराला, दोघांलाबी तोडतो."

मी तिचा नंबर खोडला, आटोवाल्याचा टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. स्टेशनवर सोडल्यावर यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलंय, म्हणून दाखवलं. थोरल्यानं नीट वाचलं. त्याला पटलंही. तरी त्यानं खुर्ची उचलून आटोवाल्याच्या तोंडावर घातली.

मग माझा हात टेबलावर दाबून धरला आणि पुढं कुठं गेली म्हणून विचारलं. एवढंच दिसतंय, मी म्हणालो. त्यानं टेबलावरचं हेल्मेट उचलून बोटांवर हाणलं. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी आला, कळ नंतर. लातूर हा शब्द अगदी ओठावर आला होता. तो मी कसा गिळला, मला अजून सांगता येत नाही. दुसरा घाव बसायच्या आत खालचे दुकानदार पोलिसांना घेऊन वर आले.

पुढं कळलं, मुलगी लातूरच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झाली होती. लग्न करून.

आटोवाल्याचा जबडा तारेनं बांधला होता. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यानं दातांतूनच विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं ना, ती कुठं हाय ते?"

"हाव," मी म्हणालो.

त्यानं माझ्या प्लास्टरकडं बघितलं. मग भिंतीकडं तोंड करून झोपला. बरा झाल्यावर त्यानं आटो पुन्हा चालवायला घेतला, पण आमचं अ‍ॅप काढून टाकलं.