राणी झोपेत कुठं जाते

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही. प्राणिशास्त्रात बीएस्सी केलंय. कुत्र्यांना स्वप्नं पडतात, झोपेत ती पाय हलवतात, कुंईकुंई करतात — हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय.

माझं माहेर कामथडी आणि सासर पाली, राजगडाच्या पायथ्याला. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. राणी त्यांची कुत्री. ते जातील तिथं ती मागं.

दिवाळी होऊन गेली होती. काटा लागून राणीचा पुढचा पाय सुजला होता, म्हणून अण्णांनी तिला पडवीच्या खांबाला साखळीनं बांधलं आणि एकटेच डोंगराकडं गवत कापायला गेले. जेवायला येतो म्हणाले. मोबाईल चार्जिंगला घरातच.

जेवणाची वेळ टळली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सारख्या उठून बांधापर्यंत जाऊन येत होत्या. "कुणीतरी भेटलं असेल हो," मी म्हणत होते खरी, पण माझाही हात कामाला लागेना.

तेवढ्यात राणीकडं लक्ष गेलं. गाढ झोपली होती. आधी पळत असल्यासारखे पाय हलत होते... मग ते थांबले आणि ती चाटायला लागली. डोळे मिटलेले आणि जीभ हवेत. एका लयीत, पिलाला चाटावं तशी. मध्येच घशातून बारीक आवाज. तिला झोपेत मी कितीदा पाहिलंय, पण असं कधीच नाही. हाका मारल्या, गदागदा हलवलं — उठेना.

"आगं, आसं काय करतीया ही? उठीव तिला आदी!" आत्या म्हणाल्या. मलाही ते बघवेना. तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं.

ताडकन उठली, अंग झटकलं आणि साखळीला असे हिसडे द्यायला लागली की खांब हलला. तेवढ्यात आमचे हे विंझरहून सामान घेऊन आले. "सोड रं तिला, आन् जा मागनं," आत्या ओरडल्या. ती तीन पायांवर लंगडत डोंगराकडं निघाली आणि हे तिच्या मागं पळाले.

अण्णा एका घळीत सापडले. वाळल्या गवतावरून घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. राणीला बघून पहिलं वाक्य काय बोलले, तर — "मला टाकून कुठं गेलतीस गं?"

"अण्णा, ती घरी बांधलेली होती," हे म्हणाले.

"खुळा का काय! पडल्यापासनं हितंच व्हती माज्यापाशी. डोळं मिटाय लागलं की त्वांड चाटायची, झोपूच देईना. मग एकाएकी दचाकली, पानी पडल्यागत आंग झटाकलं आन् दिसंनाशी झाली."

यांनी दवाखान्यात मला हे जसंच्या तसं सांगितलं. मी पाणी मारलं ते यांनासुद्धा माहीत नव्हतं. अण्णांना कोण सांगणार?

वेदनेनं भास होतात, हे मला कळतं. स्वतःला तेच समजावते. पण त्या पाण्यापाशी येऊन अडते.

अण्णा आता काठी घेऊन हिंडतात. राणी दुपारची पडवीत झोपते आणि तिचे पाय हलायला लागले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कोण कुठं गेलंय ते आठवते, यांना फोन लावते.

गेल्या आठवड्यात ती परत तशीच चाटत होती. आम्ही सगळे घरातच होतो! तरी मी घाबरून तिला हलवायला वाकले, तर अण्णांनी काठी आडवी धरली.

"नगं उठवू, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "कुणापाशी तरी बसली आसंल."